पुंगळ्या घासणारे आप्पा

पुंगळी घासून झाली, की आप्पा तिच्या बुडातल्या भोकावर अंगठा दाबायचे, तिचं तोंड खालच्या ओठाला टेकवायचे आणि हलकेच फुंकायचे. घुमल्यासारखा भरीव आवाज आला, की पुंगळी उजव्या हाताच्या पोत्यावर. आवाज फाटला, तर डाव्या. "चीर हाय हिला. दिसायची न्हाई, पन हाय." दुकानाचे मालक मग भिंग घेऊन बघायचे आणि केसाएवढी चीर सापडायचीच.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. दौंडच्या बाजारपेठेत बंदूक दुरुस्तीचं एक लहानसं परवान्याचं दुकान होतं आणि मी तिथे काउंटरला होतो. यवतहून रोज एसटीनं जायचो. आसपासच्या काही शेतकऱ्यांकडे पिकांच्या राखणीसाठी घेतलेल्या बारा बोअरच्या जुन्या बंदुका होत्या. त्यांची काडतुसं पितळेची. बार उडाला, की मागे रिकामी पितळी नळी राहते, तीच पुंगळी. ती कुणी टाकून देत नसे. आतली काजळी घासून काढली, की पुन्हा भरता यायची. भरण्याचं काम मालक आतल्या खोलीत स्वतः करत. बार पेटवणाऱ्या टोप्या बुडातल्या भोकात बसवलेल्या असत; त्या वापरलेल्या टोप्या ठोकून काढायचं काम माझं आणि घासायचं आप्पांचं.

आप्पा मूळचे बँडवाले. शिरूरच्या एका बँडमध्ये त्यांनी पंचवीस-तीस वर्षं मोठा पितळी भोंगा वाजवला. मग लग्नांत बेंजो पार्ट्या आल्या, बँड बसला, आणि आप्पांच्या हाताला पितळ घासायची सवय तेवढी उरली. बायको वारलेली, मुलगी निमोण्यात दिलेली. दौंडला नदीच्या अंगाला एका खोलीत ते एकटेच राहायचे.

मिशा अशा झुपकेदार, की अनोळखी माणूस बिचकावा. पण आप्पांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुमच्या ओळखीतही भित्री माणसं असतील, पण ती भीती लपवतात. आप्पा सांगून मोकळे व्हायचे. "मला भ्या वाटतंय" हे ते "मला तहान लागलीया" इतक्या सहज म्हणायचे. कुत्र्याचं भ्या, विजेच्या बटणाचं भ्या, खाकी कपड्याचं भ्या. दुकानात पोस्टमन आला तरी उठून उभे राहायचे. वरातीपुढे फटाक्यांची माळ लागली, की भोंगा खांद्यावर घेऊन बोळात पळायचे, हेही त्यांनीच सांगितलेलं. "सूर तुटायचा. मास्तर शिव्या द्यायचा. पन काय करनार?"

असा माणूस बंदुकीच्या दुकानात कामाला. आमच्या मागच्या अंगणात शेवग्याचं झाड होतं, त्याखाली त्यांची जागा. गरम पाण्यात चिंच आणि मीठ, त्यात पुंगळ्या भिजत घालायच्या, मग काथ्यानं आतून घासायच्या, वरून चाळलेली राख, शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायच्या. हात सराईत, पण प्रत्येक पिशवी उघडण्याआधी प्रश्न ठरलेला.

"बघितलं न्हवं का समद्यात?"

"बघितलं, आप्पा."

"मोकळ्या हायेत?"

"टोप्यासुद्धा काढल्यात मी."

"तरी बघ की येकदा. मला भ्या वाटतंय."

मग मी एकेक पुंगळी उजेडाकडे धरायचो, आणि आरपार भोक दिसलं, की त्यांचा खांदा एकेक इंच खाली यायचा. मालक आत बंदुकीचा घोडा नुसता ओढून बघायचे, त्या खटक्यानंही आप्पा दोन्ही कान झाकून घ्यायचे.

एकदा मी माझ्या वयाला न शोभणारी गोष्ट केली. कागदाची पिशवी फुगवली आणि त्यांच्या मागे जाऊन फोडली. आप्पा बसल्या जागेवरून कलंडले, चिंचेचं गरम पाणी त्यांच्या पायावर सांडलं. ते ओरडले नाहीत. छातीवर हात धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरा, तुझ्यासाठी ती पिशवी व्हती. मला ठावं नव्हतं ना." मी त्यांच्या पायावर गार पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी ते आले, तेव्हा मला हसवायला आधी स्वतःच एक लहानशी पिशवी फुगवून त्यांनी माझ्या हातात दिली. "ही नको फोडू, ठेव," म्हणाले.

मग तो सोमवार आला.

दुपारी शिरूर तालुक्यातले एक बागायतदार दुकानात आले. गावाचं आणि त्यांचं नाव सांगत नाही. फुलांचा मोठा मळा, दारात जीप, मालकांचं जुनं गिऱ्हाईक. रुमालात बांधलेल्या सात पुंगळ्या त्यांनी काउंटरवर ठेवल्या.

"वर्षभर पडून होत्या. जरा लखलखीत करून द्या."

"परवा न्यायला या," मी म्हणालो.

"परवा कशाला? बसतो मी इथं."

वर्षभर पडून राहिलेल्या पुंगळ्यांसाठी कुणी असं बसून राहत नाही. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मी टोप्या काढल्या आणि पुंगळ्या अंगणात नेऊन दिल्या. आप्पांनी त्या पोत्यावर मांडल्या, एकेक उचलून हुंगली आणि सातवीपाशी थांबले.

"ही न्यारी हाय."

"न्यारी म्हणजे?"

"सहांना हिरवा कळंक चढलाय. हिला न्हाई. आन् वास घे."

त्यांनी ती माझ्या नाकापाशी धरली. दिवाळीत फटाका उडाल्या उडाल्या येतो तसला तिखट वास. मी करंगळी आत फिरवली, तर बोटाला ओलसर काळी काजळी लागली.

"ही कालची हाय," आप्पा हळूच म्हणाले. "आन् मानूस सांगतंय वर्षाची."

"आपल्याला काय करायचंय, आप्पा? घासा."

त्यांनी घासली. तासाभरात सातही पुंगळ्या सोन्यासारख्या चमकत होत्या, आणि बागायतदार त्या रुमालात बांधून निघून गेले.

दोन दिवसांनी दुकानाच्या दारात शिरूरचे फौजदार उभे राहिले. त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या बागायतदारांच्या शेतातून पलीकडच्या वस्तीवर जायची जुनी वाट होती. बागायतदारांनी ती बंद केलेली. त्या वस्तीवरची माणसं पूर्वी मेंढरं राखायची, आता थोडी थोडी जमीन करून स्थिरावलेली. त्यांचा जायचा-यायचा रस्ता तेवढाच. रविवारी तिन्हीसांजेला त्या वाटेनं गवताचा भारा घेऊन एक बाई चालली होती. बार झाला आणि तिच्या उजव्या गुडघ्यात छर्रे घुसले. मारणारा तिला दिसला नाही. बागायतदारांचं म्हणणं, आमची बंदूक वर्षभर कपाटात आहे, मी दौंडला गेलेलोही नाही. पण त्यांची जीप सोमवारी दौंडच्या बाजारात कुणीतरी पाहिली होती.

"इथं आले होते का ते, सोमवारी?"

मालकांनी क्षणभरही न थांबता मान हलवली. "नाही, साहेब."

फौजदार माझ्याकडे वळले. मालक माझ्याकडे बघत नव्हते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, आणि तेच मला पुरेसं होतं.

"आठवत नाही," मी म्हणालो.

फौजदारांनी ते लिहून घेतलं. माझी सही घेतली. ते पायरी उतरले, तेवढ्यात मागच्या दारातून आप्पा आले. हातात चिंचेच्या पाण्याचं पातेलं तसंच.

"साहेब."

"काय, बाबा?"

"मला लई भ्या वाटतंय, साहेब. म्हनून पटकन सांगतो." आणि त्यांनी खरंच एका दमात सांगितलं. सोमवार, सात पुंगळ्या, सहांवरचा हिरवा कळंक, सातवीचा वास. बागायतदार बाकावर बसले होते तेही. फक्त एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. तो वास मीही घेतला होता.

फौजदार आप्पांना जबाबासाठी शिरूरला घेऊन गेले. जीपमध्ये बसताना आप्पांचा दोनदा पाय घसरला. मालक म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही म्हणावं म्हाताऱ्याला." आप्पा परत आल्यावर ते मलाच सांगावं लागलं. आप्पा "बरं" म्हणाले, निघाले, आणि विसरलेली काथ्याची जुडी घ्यायला पुन्हा माघारी आले.

त्यानंतर बागायतदारांची जीप रोज दुकानासमोरून जायची. थांबायची नाही, पण आमच्या दारापाशी आली, की तिचा वेग कमी व्हायचा. एसटीत मी पुढच्या दारापाशी बसू लागलो. यवतला उतरलो, की मागे कोण उतरलं ते बघायचो. मी तर काही बोललोही नव्हतो. जो बोलला तो नदीच्या अंगाला एकटा राहत होता.

आठवड्याभरानं मी त्यांच्याकडे गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन. खोलीचं दार सताड उघडं. आत भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन आप्पा बसले होते. मी हाक मारली, तर त्यांनी बोलण्याऐवजी बोट दाखवलं.

उंबऱ्याच्या मधोमध एक काडतूस उभं करून ठेवलं होतं. भरलेलं, कोरं करकरीत.

"कधीपासून आहे हे?"

"झुंजुरक्याला दार उघडलं तवा."

"पाच-सहा तास तुम्ही इथंच बसून आहात?"

"वलांडायचं कसं? पाय लागला तर?"

रोज रिकाम्या पुंगळ्या घासणाऱ्या त्या माणसानं भरलेलं काडतूस तोवर जवळून पाहिलंही नव्हतं. धोतर ओलं झालं होतं. ते लपवायला त्यांनी पुढे पाण्याचा तांब्या ओढून घेतला होता. मी काडतूस उचलून खिशात टाकलं, तसे ते डोळे मिटून भिंतीला टेकले. मी चूल पेटवून चहा केला. कप धरवेना, म्हणून बशीनं पाजला.

"पोरा, येक कर," जरा वेळानं ते म्हणाले. "ते फौजदारांना नेऊन दे. त्येंना दिसू दे."

"देतो," मी म्हणालो.

पुढचं मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. फौजदारांकडे जायचं म्हणजे पुन्हा जबाब, पुन्हा प्रश्न, आणि मग ती जीप माझ्या दारात. मी पुलावर गेलो, इकडे तिकडे पाहिलं आणि काडतूस भीमेत टाकून दिलं. आप्पांना सांगितलं, दिलं. ते म्हणाले, "ब्येस केलंस." त्याच दिवशी मी त्यांना निमोण्याला मुलीकडे पोचवून आलो.

खटला शिरूरच्या कोर्टात उभा राहिला, तोवर दोन वर्षं गेली होती. मी दौंडचं दुकान सोडून कोरेगाव भीमाकडच्या एका कारखान्यात स्टोअरला लागलो होतो. आप्पांनी निरोप पाठवला, तारखेला सोबत ये, एकट्याला भ्या वाटतंय. सुट्टी टाकून मी गेलो.

कोर्टाच्या व्हरांड्यात ती बाई पाहिली. पस्तिशीची असेल. काखेत कुबडी, उजवा पाय ताठ. आप्पा आणि ती एकाच बाकावर बसलेले, आणि समोरच्या बाकावर बागायतदार आणि त्यांची दहा-बारा माणसं. त्यातला कुणी खाकरला तरी आप्पा दचकायचे. बाई त्यांना म्हणाली, "आप्पा, माझ्याकडं बघा. तिकडं नगा बघू."

साक्षीच्या पिंजऱ्यात आप्पांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. सगळं नीट सांगितलं. मग बागायतदारांचे वकील उठले.

"आप्पा, तुम्हाला फटाक्याची भीती वाटते?"

"व्हय जी."

"कुत्र्याची?"

"व्हय."

"आत्ता माझीही वाटतेय?"

"लई."

कोर्टात हशा झाला. वकीलही हसले. "म्हणजे तुम्ही घाबरट आहात. घाबरलेला माणूस काहीही बडबडतो. पोलीस दिसले आणि तुम्ही मनाला येईल ते बोललात."

आप्पांनी मान हलवली. "न्हाई जी. भ्यालेला मानूस बडबडत न्हाई. गप ऱ्हातो. मी रोज गप ऱ्हातो. त्या दिशी तेवढा बोललो."

हशा थांबला. वकिलांनी कागद चाळले. "तुम्ही पुंगळी हुंगली म्हणता. तेव्हा दुसरं कुणी हजर होतं?"

मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला शेवटच्या बाकावरूनही कळलं.

"व्हतं," ते म्हणाले. "पन त्येंचं त्येंनी सांगावं."

मी उठलो नाही. समोर दहा-बारा पाठी होत्या. त्यातली एक हळूहळू वळली, आणि तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. मी खाली, माझ्या चपलेच्या तुटक्या अंगठ्याकडे बघत होतो.

परतताना एसटीत आप्पा खिडकीशी बसले. न्हावऱ्याकडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस होता. त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली, मोडली, मोठा तुकडा मला दिला. मी तो हातातच धरून ठेवला.

"आप्पा, मी ते काडतूस दिलं नव्हतं. नदीत टाकलं."

ते चावत राहिले. घास संपल्यावर म्हणाले, "फौजदारांनी इचारलं न्हाई, तवाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुला भ्या वाटलं. मला न्हाई व्हय कळत?" मग बाहेर बघत म्हणाले, "माझं इतकंच हाय, पोरा. ती बाई गवताचा भारा घिऊन चालली व्हती. तिला चालताना भ्या वाटत नव्हतं. आता वाटंल. ते वंगाळ झालं."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो नाही. पहिल्या एसटीनं शिरूरला गेलो आणि सरकारी वकिलांच्या दारात उभा राहिलो. आत जायला मला अर्धा तास लागला. आधी जबाबात खोटं बोललो, काडतूस फेकून दिलं, सगळं सांगितलं. ते चिडले. मग अर्ज करून त्यांनी माझीही साक्ष काढली. बागायतदारांच्या वकिलांनी मला सोलून काढलं. "तेव्हा खोटं बोलत होता की आता?" मी म्हणालो, "तेव्हा." "कशावरून?" मी वासाचं आणि काजळीचं सांगितलं, करंगळी दाखवून सांगितलं. त्या दिवशी माझी मान इतकी ताठली होती, की बाहेर आल्यावर वळेना. आप्पा आले नव्हते. छातीचं दुखणं घेऊन ते निमोण्याला अंथरुणाला खिळले होते.

निकाल आणखी काही महिन्यांनी लागला. बागायतदारांचा परवाना रद्द झाला, बंदूक जमा झाली आणि शिक्षाही लागली. सरकारी वकिलांना वाटत होती त्याहून कमी, आणि बागायतदार वर अपिलात गेले ते वेगळंच. पण कोर्टानं त्या म्हाताऱ्याचा शब्द खरा धरला.

बाई मला व्हरांड्यात म्हणाली, "चला, आप्पांना सांगून येऊ." आम्ही दोघं निमोण्याला उतरलो. वस्तीपर्यंत चालताना ती कुबडीवर माझ्यापेक्षा पुढे होती. मुलीचं घर ज्वारीच्या रानाकडेला होतं. ओट्यावर मुलगी तांदूळ निवडत बसलेली. तिनं आम्हाला पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

आप्पांना जाऊन तेरा दिवस झाले होते. कालच पाहुणे पांगले होते.

आम्ही तिघं ओट्यावर बसलो. निकाल काय लागला ते बाईनं सांगितलं. मुलगी ऐकत होती, पदरानं नाक पुसत होती.

मला राहवलं नाही. "शेवटी तरी भीती गेली होती का त्यांची?"

"न्हाई ओ. लई भ्यायचे," ती म्हणाली. "जाताना माझा हात असा आवळून धरला, की बांगड्याच फुटल्या." तिनं मनगट पुढे केलं. काचेचे दोन बारीक ओरखडे होते, त्यांवर खपली धरलेली.

बाईनं कुबडी भिंतीला टेकवली, ते मनगट आपल्या दोन्ही हातांत घेतलं आणि त्या खपल्यांवरून अंगठा फिरवत राहिली. फाट्यावर शिरूरच्या गाडीचा हॉर्न वाजला. दोघींपैकी कुणी हललं नाही, आणि मीही उठलो नाही.